मांजरी निगेटिव्ह, पण पिल्लांचे काय?

कोलकाता : पावसाळ्यात कोलकात्याच्या सखल भागांत पाणी साचू लागले, की जिन्याखाली, गॅरेजमध्ये आणि बंद दुकानांच्या फळ्यांमागे राहणाऱ्या मांजरी पिल्ले तोंडात धरून कोरड्या जागेच्या शोधात निघतात. व्यालेली मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हटले जाते. माणिकतला, गरियाहाट किंवा लेक मार्केट येथील मासळीबाजारांच्या आसपास हे दृश्य वर्षातील कोणत्याही महिन्यात दिसू शकते, कारण उष्ण प्रदेशात मांजरांच्या विणीचा हंगाम जवळजवळ वर्षभर चालतो आणि गर्भधारणेपासून अवघ्या नऊ आठवड्यांत पिल्ले जन्माला येतात. या फिरस्तीत एखादी मांजरी तीन-चार पिल्लांसह एखाद्या प्राणिमित्राच्या घरी येऊन पोहोचते. न्हाणीघरात किंवा गच्चीवरच्या खोलीत तिची सोय केली जाते, अंगावरचे गोचीड-पिसवा काढल्या जातात, जंतांचे औषध दिले जाते. त्यानंतर पशुवैद्यक ज्या चाचणीविषयी विचारतात, ती म्हणजे फेलाइन ल्युकेमिया विषाणूची चाचणी.

या टप्प्यावर एक सोपा वाटणारा मार्ग सर्वत्र अवलंबिला जातो. चाचणीचा संच महाग पडतो, पिल्ले लहान असतात, त्यांचे रक्त काढणे जिकिरीचे असते. म्हणून फक्त मांजरीची चाचणी केली जाते. ती निगेटिव्ह आली तर सगळे कुटुंब निरोगी समजायचे आणि पॉझिटिव्ह आली तर सगळ्यांना रोगी समजायचे. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात. पहिल्या चुकीमुळे बाधित पिल्लू निरोगी म्हणून दुसऱ्या घरी जाते व तेथील मांजरांना लागण होते. दुसऱ्या चुकीमुळे निरोगी पिल्लाला घर मिळत नाही, क्वचित त्याचा जीवही जातो.

नावातील कर्करोग

या विषाणूचा शोध १९६४ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात लागला. एकाच घरातील अनेक मांजरांना लसिकापेशींचा कर्करोग झाल्याचे आढळल्यानंतर विल्यम जॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गाठींतील पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. पेशींच्या पृष्ठभागातून विषाणूचे कण बाहेर पडत असल्याचे त्यांना दिसले. एका घरातील मांजरांना एकामागून एक कर्करोग व्हावा, यामागे काही संसर्गजन्य कारण असले पाहिजे, या शंकेला त्यामुळे आधार मिळाला.

हा रेट्रोव्हायरस गटातील विषाणू आहे. त्याची आनुवंशिक माहिती आरएनएच्या स्वरूपात असते. पेशीत शिरल्यावर तो तिचे डीएनएत रूपांतर करतो आणि ते डीएनए मांजराच्या स्वतःच्या डीएनएत गुंफून टाकतो. आरएनएपासून डीएनए घडवणारे विकर १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले व १९७५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला. एड्सचे कारण शोधले जात असताना तो रोग रेट्रोव्हायरसमुळे होत असावा, असा तर्क मांडणाऱ्यांत मॅक्स एसेक्स यांच्यासारखे मांजरांच्या ल्युकेमियाचे अभ्यासक होते. अर्थात मांजरांचा हा विषाणू माणसाला बाधत नाही. कुत्र्यांनाही तो होत नाही. घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असल्यास या कारणासाठी मांजर घराबाहेर काढण्याची आवश्यकता नाही.

‘ल्युकेमिया’ या शब्दाचे मराठीकरण ‘रक्ताचा कर्करोग’ असे करण्याची आपली रीत आहे. परंतु येथे ते भाषांतर दिशाभूल करते. बाधित मांजरांपैकी काहींनाच कर्करोग होतो. बरीचशी मांजरे रक्तक्षयाने किंवा प्रतिकारशक्ती खालावल्यामुळे जडणाऱ्या इतर संसर्गांनी आजारी पडतात. हिरड्या फिकट होणे, तोंडात वारंवार व्रण होणे, ताप, वजन घटणे ही त्याची दिसणारी रूपे होत. गाभण मांजरीला बाधा असल्यास गर्भपात होतो, मृत पिल्ले जन्मतात किंवा जन्मलेली पिल्ले पहिल्या काही आठवड्यांत खंगत जातात.

दुसरा गोंधळ नावाच्या सारखेपणामुळे होतो. भटक्या पिल्लांचे मोठ्या प्रमाणावर बळी घेणारा पॅनल्युकोपेनिया हा वेगळाच रोग आहे. त्याचा विषाणू फरशीवर, टोपलीत, कपड्यांवर कित्येक महिने टिकतो. त्यात पिल्लू उलट्या-जुलाबांनी काही दिवसांतच दगावते. ल्युकेमियाचा विषाणू मात्र शरीराबाहेर पडल्यावर फार काळ जगत नाही. साध्या साबणाने तो नष्ट होतो. ज्या खोलीत पॅनल्युकोपेनियाने पिल्लू गेले, तेथे लस न घेतलेले दुसरे पिल्लू आणणे धोक्याचे असते. ल्युकेमियाच्या बाबतीत खोलीचे भय नाही. भय आहे ते एकाच बशीत खाणाऱ्या, एकमेकांना चाटून स्वच्छ करणाऱ्या सोबत्याचे. बाधित मांजराच्या लाळेत व नाकातील स्रावात विषाणू मोठ्या प्रमाणावर असतो. तो चाटण्यातून, चाव्यातून, आईच्या दुधातून आणि गर्भावस्थेत नाळेवाटे पसरतो. म्हणजे मांजरीने पिल्लाला सांभाळण्याच्या सर्व नैसर्गिक क्रिया हेच या विषाणूचे मार्ग आहेत.

चाचणी काय पाहते?

दवाखान्यात केली जाणारी चाचणी म्हणजे हाताच्या पंजाएवढे प्लॅस्टिकचे साधन. त्यात रक्ताचे वा रक्तद्रवाचे काही थेंब टाकले, की साधारण दहा मिनिटांत रंगीत ठिपका किंवा रेघ उमटते अथवा उमटत नाही. ही चाचणी ‘पी २७’ नावाच्या प्रथिनाचा शोध घेते. ते विषाणूच्या गाभ्याभोवतीच्या कवचाचे प्रथिन आहे. विषाणू शरीरात वाढत असेल तर ते रक्तात मोकळे आढळते. काही ठिकाणी लाळेवर किंवा अश्रूंवर ही चाचणी करण्याचा प्रयत्न होतो. तिचा निकाल रक्ताइतका विश्वसनीय नसल्याने तज्ज्ञ तसे न करण्याचा सल्ला देतात.

येथे एक बाब नीट ध्यानात घेतली पाहिजे. अनेक संचांत ल्युकेमियाबरोबरच एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती क्षीण करणाऱ्या दुसऱ्या विषाणूची चाचणीही होते. एफआयव्हीचा शोध १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे लागला. दोन ठिपके एकाच साधनावर शेजारी-शेजारी असले, तरी ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ल्युकेमियाचा ठिपका प्रत्यक्ष विषाणूचे प्रथिन दाखवतो, तर एफआयव्हीचा ठिपका त्या विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे दाखवतो.

पिल्लांच्या बाबतीत हा भेद निर्णायक ठरतो. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला तिची प्रतिपिंडे मिळतात. आई एफआयव्हीने बाधित असेल तर निरोगी पिल्लाचीही एफआयव्ही चाचणी काही महिने पॉझिटिव्ह येऊ शकते आणि ते सहा महिन्यांचे झाल्यावर पुन्हा तपासल्यास निगेटिव्ह निघू शकते. ल्युकेमियाच्या चाचणीत आईकडून आलेल्या प्रतिपिंडांचा अडथळा येत नाही. त्यामुळे पिल्लाची ती चाचणी कोणत्याही वयात करता येते. मात्र पॉझिटिव्ह आल्यास ‘आईच्या दुधामुळे असे दिसत असेल’ अशी समजूत करून घेता येत नाही. पहिला ठिपका दुसऱ्यासारखा वाचला किंवा दुसरा पहिल्यासारखा, तर पिल्लाच्या नशिबात उलटसुलट होते.

जाता जाता एक शब्दाविषयी. वृत्तभाषांतरात ‘पॉझिटिव्ह’ला ‘सकारात्मक’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. मांजरीचा अहवाल सकारात्मक आला, असे वाचून एखाद्याला आनंद होऊ नये, एवढ्यासाठी या लेखात मूळ इंग्रजी शब्दच ठेवले आहेत.

आई निरोगी, पिल्लू बाधित

विषाणू शरीरात शिरल्यावर प्रत्येक मांजराच्या बाबतीत एकच गोष्ट घडत नाही. काही मांजरांचे शरीर त्याचा पूर्ण पाडाव करते. काहींमध्ये विषाणू अस्थिमज्जेत पोहोचतो व अखंड वाढत राहतो. याला वर्धमान संसर्ग म्हणता येईल. अशी मांजरे आयुष्यभर इतरांना लागण करू शकतात आणि त्यांपैकी बहुतेक काही वर्षांत या विषाणूशी संबंधित आजाराने मरण पावतात. तिसरा प्रकार दबलेल्या संसर्गाचा आहे. यात मांजराची प्रतिकारशक्ती विषाणूची वाढ थोपवते, रक्तातील प्रथिन नाहीसे होते, दवाखान्यातील चाचणी निगेटिव्ह येते. परंतु विषाणूचे डीएनए पेशींमध्ये गुंफलेले राहते. मोठा आजार, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे किंवा गर्भारपण यांसारख्या प्रसंगी ते पुन्हा जागे होऊ शकते. रक्ताच्या एखाद्या भागात प्रथिन न सापडता विषाणू केवळ विशिष्ट अवयवात दडून राहण्याचा चौथा, विरळा प्रकारही आढळला आहे.

या चौथ्या प्रकाराचे आई-पिल्लांच्या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण ग्लासगोच्याच संशोधकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. एका मांजरीच्या रक्तात विषाणू सापडत नव्हता, तरीही तिच्या दुधातून पिल्लांना लागण झाली होती. प्रचलित चाचणी त्या मांजरीला निर्धोक ठरवणार होती. असे प्रसंग नेहमी घडतात असे नाही. पण आईची एकच चाचणी पिल्लांचे प्रमाणपत्र का होऊ शकत नाही, हे समजण्यास एवढे पुरेसे आहे.

पिल्लांमध्येही निकाल सारखे नसतात. एकाच विणीतील चार पिल्लांपैकी दोघांना लागण झाली व दोघांना नाही, असे होऊ शकते. एका पिल्लाची तपासणी दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही. खर्च वाचवण्यासाठी चारही पिल्लांचे रक्त एकत्र मिसळून एकाच संचावर टाकण्याची युक्ती काही जण सुचवतात. त्यात बाधित पिल्लाच्या रक्तातील प्रथिन इतरांच्या रक्ताने विरळ होते आणि ठिपका उमटण्याइतके उरत नाही. ठिपका उमटलाच, तर तो कोणाचा हे पाहण्यासाठी पुन्हा चार संच लागतातच.

पुढे प्रश्न येतो वेळेचा. लागण झाल्यापासून रक्तात प्रथिन सापडण्यास काही दिवस ते काही आठवडे लागतात. बहुतेक मांजरांत ते ३० दिवसांच्या आत आढळते. आईकडून लागण झालेल्या पिल्लांच्या बाबतीत मात्र हा काळ अनेक आठवड्यांचा, क्वचित महिन्यांचाही असू शकतो. म्हणून सुटकेच्या दुसऱ्या दिवशी आलेला निगेटिव्ह निकाल त्या दिवसापुरताच खरा असतो. अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स या मांजरवैद्यकांच्या संघटनेने २०२० मध्ये सुधारित केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही संसर्गाची शक्यता असलेल्या मांजराची पहिली चाचणी निगेटिव्ह आल्यास किमान ३० दिवसांनी पुन्हा चाचणी करण्यास सांगितले आहे. पूर्वेतिहास ठाऊक नसलेली रस्त्यावरची मांजरी आणि तिची पिल्ले या वर्गात आपोआपच येतात.

वय हीदेखील येथे मोठी गोष्ट आहे. पूर्ण वाढ झालेल्या मांजरात या विषाणूला रोखण्याची शक्ती बरीच असते. पिल्लांत ती नसते, आणि पिल्लू जितके लहान तितकी लागण वर्धमान होण्याची शक्यता अधिक. त्यामुळे एक प्रथा विशेष जपून पाळली पाहिजे. आई गमावलेली पिल्ले मिळाली, की दुसऱ्या दूध पाजणाऱ्या मांजरीखाली ती सोडण्याचा प्रयत्न सगळीकडेच केला जातो. भुकेने पिल्लू मरण्यापेक्षा ते बरे, यात शंका नाही. परंतु न तपासलेल्या मांजरीचे दूध न तपासलेल्या पिल्लांना दिल्याने दोन्ही कुटुंबे एकमेकांच्या धोक्यात येतात. शक्य असेल तर बाटलीने किंवा सिरिंजने मांजराच्या पिल्लांसाठीचे दूध पाजणे, निदान दोन विणींची पिल्ले मिसळण्यापूर्वी चाचणी करणे, हे अधिक सुरक्षित असते. कोलकात्यातील दोन खोल्यांच्या घरात हे अवघड आहे. पण वेगळी टोपली, वेगळी बशी आणि हात धुऊन दुसऱ्या पिल्लाला उचलणे हे अशा घरातही जमते.

अर्धे पॉझिटिव्ह खोटे का निघू शकतात?

चाचणी चांगल्या दर्जाची असूनही तिचा पॉझिटिव्ह निकाल खोटा असू शकतो, हे अनेकांना पटत नाही. एक हिशेब मांडून पाहू. समजा, १,००० मांजरांची चाचणी केली आणि त्यांत २० मांजरे खरोखर बाधित आहेत. समजा, चाचणी बाधितांपैकी ९५ टक्के अचूक पकडते व निरोगी मांजरांपैकी ९८ टक्के अचूक निगेटिव्ह दाखवते. तर २० पैकी १९ बाधित मांजरे पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९८० निरोगी मांजरांपैकी २ टक्के, म्हणजे सुमारे २० मांजरेही पॉझिटिव्ह दिसतील. एकूण ३९ पॉझिटिव्ह निकालांपैकी निम्म्याहून अधिक खोटे! त्याच वेळी निगेटिव्ह आलेल्या ९६१ मांजरांत बाधित मांजर एखादेच राहील.

हे प्रमाण केवळ कल्पनेतले नाही. अमेरिका व कॅनडातील दवाखाने आणि निवारागृहांतील १८,०३८ मांजरांची २००४ मध्ये तपासणी झाली, तेव्हा २.३ टक्के मांजरे ल्युकेमिया विषाणूच्या चाचणीत व २.५ टक्के मांजरे एफआयव्हीच्या चाचणीत पॉझिटिव्ह आली होती. रोगाचे प्रमाण प्रत्येक शहरात वेगळे असते. परंतु दिसायला धडधाकट मांजरीचा पहिलाच पॉझिटिव्ह निकाल शंकास्पद मानावा, हे सूत्र सगळीकडे लागू पडते. उलट, मांजरी खंगलेली, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या आणि तिची दोन पिल्ले आधीच दगावलेली असतील, तर तोच ठिपका बराच विश्वासार्ह होतो.

म्हणून पहिल्या पॉझिटिव्ह निकालानंतर लगेच दुसऱ्या उत्पादकाच्या संचावर चाचणी करणे किंवा प्रयोगशाळेत पीसीआर पद्धतीने विषाणूचे डीएनए शोधणे आवश्यक असते. पांढऱ्या पेशींच्या आत विषाणूचे प्रथिन पाहणारी, १९७० च्या दशकात विकसित झालेली प्रतिदीप्ती चाचणीही आहे. ती पॉझिटिव्ह आल्यास विषाणू अस्थिमज्जेपर्यंत गेल्याचे समजते. निकाल खरा ठरला तरी संसर्ग वर्धमान आहे की दबणार आहे, हे कळण्यासाठी काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे लागते. आज पॉझिटिव्ह आलेली मांजरी दोन-तीन महिन्यांनी निगेटिव्ह येऊ शकते.

इतके सगळे एका रस्त्यावरच्या मांजरीसाठी कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. प्राणिमित्राच्या खिशातील पैसे मोजकेच असतात आणि त्याच पैशांत नसबंदी, लस आणि अन्न बसवायचे असते. वरील मार्गदर्शक सूचनांनीही याचा विचार केला आहे. पकडून, नसबंदी करून पुन्हा मूळ जागी सोडल्या जाणाऱ्या मांजरांची सरसकट चाचणी अनिवार्य मानलेली नाही. नसबंदीमुळे मारामाऱ्या, समागम आणि नवी पिल्ले थांबतात. त्यामुळे विषाणूचा प्रसारही कमी होतो. म्हणजे गल्लीत परत जाणाऱ्या मांजरीसाठी नसबंदी आधी व चाचणी नंतर हा क्रम समर्थनीय आहे. पिल्लांचे तसे नाही. ती दुसऱ्याच्या घरात, बहुधा तेथे आधीपासून असलेल्या मांजराच्या सोबतीला जाणार असतात. तपासणीसाठी पैसे थोडे असतील, तर ते घर मिळणार असलेल्या पिल्लांवर आधी खर्च करावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निकाल पॉझिटिव्ह आल्यावर

सर्वांत आधी, घाईने घेतलेला निर्णय टाळावा. ल्युकेमिया चाचणी पॉझिटिव्ह आली एवढ्याच कारणासाठी मांजराला दयामरण देऊ नये, ही आता जगभरातील पशुवैद्यकांची भूमिका आहे. एके काळी एकत्र राहणाऱ्या मांजरांच्या कळपातून पॉझिटिव्ह मांजरे ‘तपासा आणि काढून टाका’ या पद्धतीने वगळली जात. त्या पद्धतीने रोग कमी झाला हे खरे असले, तरी त्या वेळी पुनर्तपासणीची साधने आजच्याइतकी नव्हती. दबलेला संसर्ग असलेले मांजर सामान्य आयुष्य जगू शकते. वर्धमान संसर्ग झालेले प्रौढ मांजरही योग्य देखभालीने काही वर्षे चांगले जगते. पिल्लांचे भवितव्य अधिक बिकट असते, हे लपवण्यात अर्थ नाही.

आई पॉझिटिव्ह आणि पिल्ले निगेटिव्ह, असा निकाल आल्यास सर्वांत कठीण पेच पडतो. पिल्लांना लगेच वेगळे करावे, तर ती आईच्या उबेला व दुधाला मुकतात. एकत्र ठेवावे, तर रोजच्या चाटण्यातून संसर्गाची शक्यता वाढते. आणि कदाचित लागण गर्भातच झालेली असून ती अजून चाचणीत दिसत नसते. पिल्ले चार आठवड्यांच्या पुढे गेली असतील व मऊ अन्न खाऊ लागली असतील, तर त्यांना लवकर वेगळे करून स्वतंत्रपणे पुन्हा तपासणे व्यवहार्य ठरते. दहा दिवसांच्या पिल्लांबाबत तसे सांगता येत नाही. तेथे पिल्लांचे वजन, आईची प्रकृती आणि दर दोन-तीन तासांनी दूध पाजणारा माणूस उपलब्ध आहे की नाही, हे पाहून पशुवैद्यकाबरोबरच निर्णय घ्यावा लागतो. कोणताही पर्याय निवडला तरी ते कुटुंब घरातील इतर मांजरांपासून पूर्ण वेगळे राहिले पाहिजे.

या रोगावर विषाणू समूळ नष्ट करणारे औषध नाही. लस आहे, अमेरिकेत ती १९८५ पासून उपलब्ध झाली. परंतु भारतात मांजरांना सर्रास दिली जाणारी तिहेरी लस पॅनल्युकोपेनिया, हर्पिस व कॅलिसी या तीन विषाणूंवरची असते. काही संचांत तिला रेबीजच्या लसीची जोड असते. ल्युकेमियाचा तीत समावेश नसतो. ‘सगळ्या लशी झाल्या आहेत’ या वाक्यावर विसंबून नव्या पिल्लाला जुन्या मांजराशेजारी झोपवणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावे. लस हाताशी नसेल तेथे चाचणी व विलगीकरण हाच उपाय राहतो.

षष्ठीदेवीची मांजरी

कोलकात्यात या प्रश्नाला जी भूमी लाभली आहे, ती अनोळखी नाही. अपत्यांचे रक्षण करणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहन बंगालमध्ये मांजर मानले जाते. महाराष्ट्रात बाळाच्या जन्मानंतर पुजली जाणारी सटवाई ही तिचीच बहीण म्हणावी. नावाचे मूळही षष्ठी हेच. बंगाली व्रतकथेतील धाकटी सून घरातले पदार्थ चोरून खाते व आळ मांजरीवर घालते. तेव्हा मांजरी तिची मुले एकेक करून देवीकडे नेऊन ठेवते. सुनेने चूक कबूल केल्यावरच ती परत मिळतात. मांजरीला मारणे अशुभ, ही भावना या परंपरेतून घट्ट झाली आहे.

प्राण्यांसाठी संघटित काम करण्याची परंपराही या शहरात जुनी आहे. कलकत्ता सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ क्रुएल्टी टू अॅनिमल्स ही संस्था १८६१ मध्ये चित्रकार कोल्सवर्दी ग्रांट यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. मुंबईतील तशाच संस्थेच्या १८७४ मधील स्थापनेआधीची ही गोष्ट. ओझ्याखाली पिचणारे बैल आणि घोडे हे तेव्हा तिच्या कामाचे मुख्य विषय होते. बेलगाछिया येथे १८९३ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या पश्चिम बंगाल पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे केंद्र तेथेच आहे. मुंबईचे परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे. गुरे, घोडे, मग कुत्री आणि सर्वांत शेवटी मांजरे, असा आपल्याकडील पशुवैद्यकाच्या लक्षाचा क्रम राहिला आहे. रेबीजच्या भयाने भटक्या कुत्र्यांच्या संख्येचा अंदाज घेतला जातो, नसबंदीचे कार्यक्रम आखले जातात. मांजर चावत असले तरी आवाज करत नाही, बहुधा म्हणूनच ते कागदावर येत नाही.

कोलकात्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मासेमार मांजर हा पश्चिम बंगालचा राज्यप्राणी आहे. बंगालीत त्याला ‘बाघरोल’ म्हणतात. हावडा व हुगळी जिल्ह्यांतील पाणथळ जागा, वेताची व नळगवताची बने हा त्याचा अधिवास आणि त्याला लागूनच माणसांची गावे, मासळीची तळी, पाळीव व भटकी मांजरे. वन्य मार्जारकुळात हा विषाणू पाळीव मांजरांतून शिरल्याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. अमेरिकेतील फ्लोरिडा पँथर या अतिशय अल्पसंख्य प्राण्यात २००२ ते २००४ या काळात ल्युकेमियाची साथ आली, पाच प्राणी दगावले आणि उरलेल्यांना पकडून लस टोचण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. स्पेनमधील दोनाना येथे २००७ मध्ये आयबेरियन लिंक्स या मार्जाराच्या छोट्या गटात अशीच साथ पसरली. गावाच्या कडेला राहणाऱ्या मांजरीची नसबंदी व तपासणी हा केवळ तिच्या घरमालकाचा प्रश्न नसतो, हे या घटनांवरून दिसले.

न्हाणीघरातील त्या मांजरीकडे पुन्हा वळू. पिल्ले आठ आठवड्यांच्या आसपास पोहोचली, की त्यांच्या अंगात पुरेसे रक्त व वजन आलेले असते. तेव्हा प्रत्येकाची वेगळी चाचणी करणे सोयीचे होते. मांजरीची चाचणी सुटकेच्या वेळीच झालेली असावी, आणि पिल्लांबरोबर तिचीही पुन्हा व्हावी. या मधल्या काळात नवे मांजर त्या खोलीत आणू नये. सर्व निकाल दोन्ही वेळा निगेटिव्ह आले, तर पिल्ले निर्धास्तपणे द्यावीत व मांजरीची नसबंदी करून घ्यावी. घर तयार आहे, पण दुसरी चाचणी व्हायची आहे, असे असल्यास पिल्लू देता येते. मात्र नव्या घरात आधीचे मांजर असेल तर दुसऱ्या निकालापर्यंत दोघांना वेगळ्या खोलीत ठेवण्याची अट स्पष्ट सांगावी. पिल्लासोबत जो कागद दिला जातो, त्यावर लशीच्या तारखेशेजारी चाचणी कोणत्या विषाणूची, कोणत्या दिवशी झाली, निकाल काय आला आणि पुढची तारीख कोणती, हे चार रकाने हाताने आखले तरी चालतात. आईच्या चाचणीची नोंद त्याच कागदावर, पण वेगळ्या ओळीत करावी.